मूठभर गवत

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॉलेज अर्धवट सोडून मी या कारखान्यात कुणासाठी आलो ते तुला माहीत आहे, चिडवू नकोस. इथले प्रयोग ती चालवते. गवत कॉस्टिक सोड्यात शिजवून मऊ करायचं, धुवायचं, मग एन्झाइम घालायचं. ते गवताची साखर करतं. धुणं माझ्याकडे. कॉस्टिक राहिलं की एन्झाइम मेलंच, म्हणून मूठभर गवत पिळून त्या पाण्यात लिटमसची लाल पट्टी बुडवायची. निळी झाली तर परत धुवायचं.

परवा मला तिच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालायचं होतं. घाईत मी गवत न पिळताच पट्टी वरच्या वाहत्या पाण्यात बुडवली. लाल राहिली. कॉस्टिक गवताच्या पोटात तसंच.

काल टाकीत साखरेचा पत्ता नाही. तिने काही विचारायच्या आतच मी स्टोअरवाल्या काकांवर उखडलो, की एन्झाइम फ्रिजबाहेर ठेवून घोरत होतात का! सगळ्यांसमोर. काका नुसते चष्मा पुसत राहिले. तिने माझ्यावर विश्वास ठेवून साहेबांना सांगितलं, आणि काकांना घरी बसवलं.

ओरडताना मला ती पट्टी आठवत होती, ताई.

माया पातळ करू नकोस.
तुझा भाऊ

१५ जानेवारी

चि. भडक्यास,
अ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता माझी भाजी करपली, ती तुझ्या नावावर. लाज वाटते हे मला कळवून काय उपयोग? माझी नोकरी गेलेली नाही. बाबांशी भांडलास तेव्हा अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं होतं; आवाज आहे तुला. काकांवर ओरडलास त्याच जागी, तिच्यादेखत, तेवढ्याच आवाजात सांग. रागावेल ती. रागावू दे. लपवलंस, तर ती ज्याच्याबरोबर चालेल तो तू नसशीलच.

जेवत जा. रागावले तरी तुझीच,
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. आवाज तेवढा निघाला नाही, दोनदा सांगावं लागलं. साहेबांनी मला झापलं आणि काकांना परत बोलावलं. माफी मागितली तर काका म्हणाले, घोरतो मी पोरा, पण घरी.

धुणं अजून माझ्याकडेच आहे. मी गवत पिळतो, लालच राहिलेली पट्टी तिला दाखवतो. ती मान हलवते, आणि मग बाह्या सारून स्वतः एक मूठ पिळून बघते.

आहे तेवढा लोभ राहू दे.
तुझा भाऊ