घरात एकच लाइन

बाबा,

मी टेलिफोनची तार सॉकेटमधून काढली आणि तुम्ही म्हणालात, "थांब. आत्ताच आला तर?" माझ्या दुसऱ्या हातात मोडेम होता, कॉम्प्युटरला टेलिफोनची लाइन जोडणारा, माझ्या नौपाड्याच्या ऑफिसातून रविवारपुरता मागून आणलेला. अमेरिकेत दादाबरोबर एका खोलीत राहणाऱ्या मित्राचा फोन आला होता: दादाला मोटारीने उडवलं, डोक्याला मार आहे, ऑपरेशन करणार आहेत, कळवतो. त्यानंतर काहीच नाही. बूथवरून त्या मित्राचा नंबर लावला तर नुसता वाजत राहायचा. उरला होता त्याचा ईमेलचा पत्ता. पण आपल्या डोंबिवलीच्या घरात लाइन एकच. विचारायचं तर उत्तर येण्याची वाटच बंद करावी लागत होती. हे मी समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे दार लावून घ्यायचं आणि आतून हाका मारायच्या."

तरी तुम्ही बाजूला झालात. मी तार मोडेमला जोडली. त्याने नंबर फिरवला आणि मग तो चिरकायला लागला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याला काय दुखतंय?" कुणी हसलं नाही. पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदा लागलं आणि तुटलं. प्रत्येक वेळी तुम्ही तार काढायला लावायचात, फोन जोडून रिसिव्हर कानाला लावायचात, टोन ऐकायचात आणि मला परत द्यायचात. एकदाची जोडणी झाली. मी चार वाक्यं लिहिली आणि पाठवली. घाईत स्वतःचं नावसुद्धा चुकलं.

समोरच्या काकू धापा टाकत दारात उभ्या आहेत. "अहो, तुमचा फोन कधीचा एंगेज लागतोय. मी मुद्दाम खाली बूथवर जाऊन लावून बघितला, म्हटलं चालू आहे ना."  तुम्ही हळू आवाजात म्हणता, "वहिनी, म्हणजे तुम्हीही एक फोन केलात. लागला असता तर तेवढा वेळ लाइन अडली असती." त्यांना कळत नाही. त्या म्हणतात, "मग? काळजी फक्त तुम्हालाच आहे का?" आणि आत जाऊन आईजवळ बसतात. मी मोडेम काढून फोन जोडते. आपण दोघं फोनसमोर बसतो. चहा येतो, तसाच निवतो. फोन वाजत नाही.

अंधार पडायच्या सुमाराला तुम्हीच म्हणालात, "बघ एकदा." मी पुन्हा जोडणी केली. उत्तर आलेलं होतं. ते उघडताना तुम्ही माझं मनगट धरलंत. "वाचू नकोस. आधी सांग, मजकूर केवढा आहे." मी सांगितलं, दोन ओळी. तुम्ही खुर्चीत बसलात. तुमचं लहानपण कोकणात गेलं, तिथे पोस्टमन तार घेऊन आला की ती उघडण्याआधीच बायका रडायला लागत. आजोबा गेल्याची तारही तुम्ही आधी शब्द मोजून आणि मग वाचली होती. आखूड बातमी म्हणजे वाईट बातमी, हे तुमच्या अंगात मुरलेलं होतं, आणि त्या क्षणी ते माझ्याही अंगात आलं. समोर अक्षरं होती आणि मला ती लागत नव्हती. शेवटी काकू आतून ओरडल्या, "अगं, वाच ना." मी वाचलं. ऑपरेशन झालं. अजून शुद्धीवर नाही, शुद्धीवर आला की फोन करतो.

"आला की, असं लिहिलंय? आला तर, असं नाही ना?" तुम्ही मला ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला लावलंत. मग म्हणालात, "बंद कर ते. आता लाइन मोकळी ठेव." मी तार फोनला लावली. तुम्ही टोन ऐकलात, थोड्या वेळाने पुन्हा ऐकलात. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही उचलून बघता तेवढा वेळही एंगेजच लागतो." चटका बसल्यासारखा तुम्ही रिसिव्हर दूर धरलात, आणि मग आवाज न करता, झोपलेलं मूल ठेवावं तसा खाली ठेवलात. नंतर त्याला हात लावला नाहीत.

आता माझ्या घरात राउटर आहे. परवा माझ्या मुलाने फोनवरून एकेक पायरी सांगत मला टीव्ही राउटरला जोडायला लावला. बोलणंही चालू होतं आणि जोडणीही. कुणी कुणाला अडवत नव्हतं. तरी टीव्हीवर ते गोल फिरणारं चक्र थांबेपर्यंत मी श्वास धरून होते. तो म्हणाला, "आई, बोल ना, घाबरतेस काय?" त्याला काय सांगणार. त्याचा एका शब्दाचा मेसेज आला तर मी तो लगेच उघडत नाही. आधी चष्मा शोधते, तो डोळ्यांवर असला तरी. हे इथे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळीला गेला होतात. आई फडक्याने फोन पुसायला लागली तेव्हा तिला दिसलं, रिसिव्हर नीट बसलेला नव्हता, एका बाजूने किंचित वर राहिला होता. तिने तो दाबून बसवला. जरा वेळाने फोन वाजला आणि मी घेतला. दादा होता. आवाज बारीक होता. म्हणाला, "किती वेळ लावतोय. एवढं कोण बोलत होतं?" आईने मोरीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "लाइन खराब होती रे. थांब, बाबांना बोलावते."