पहिल्या कॅप्टनचा एकमेव साक्षीदार

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी नियमित. (गेल्या वर्षीची जानेवारीतच सुटली. कारण सर्दी.)

मोठी बातमी. आमच्या मालिकेच्या पहिल्या वर्षाच्या टेप एका निवृत्त तंत्रज्ञाच्या माळ्यावर सापडल्या. चव्वेचाळीस वर्षं चाललेली अंतराळमालिका, सात कॅप्टन झाले, पण पहिल्या वर्षाचे चाळीस भाग पुसून त्या टेपांवर बातम्या भरल्या असं सगळे धरून चालले होते. म्हणजे ते भाग जगात एकाच ठिकाणी शिल्लक होते, माझ्या डोक्यात. फॅन ग्रुपमधले बाकी सगळे तिसऱ्या कॅप्टननंतर जन्मलेले. २४ तारखेला तिसरा भाग सभागृहात दाखवणार. आधी वीस मिनिटं माझं भाषण. अ‍ॅडमिनने स्वतः फोन केला. दोन मिनिटं आढेवेढे घेतले. माझ्या वयाला ते शोभतं.

६ मार्च, बुधवार

भाषण लिहायला घेतलं. दुकानात मालक पुढे गिऱ्हाईक बघतात, मी मागे चष्म्याच्या काचा घासतो, त्यामुळे लिहायला निवांतपणा आहे. नंबरच्या कार्डांच्या पाठीमागे लिहितो.

तिसरा भाग म्हणजे कळस. कॅप्टन स्वतःची ऑक्सिजनची टाकी जखमी शत्रूला देऊन टाकतो, सतरा मिनिटं श्वास रोखून यानाच्या बाहेरून चालत येतो, दारावर तीनदा टकटक करतो आणि म्हणतो, 'उशीर झाला, पण आलो.' ग्रुपने हे वाक्य मगवर छापलंय. वाक्य मी पुरवलं, मगवर माझं नाव नाही. असो. मी मोठ्या मनाचा आहे.

लिहिताना डोळे भरून आले. त्या भरात एका आजीबाईंच्या डाव्या-उजव्या काचांची अदलाबदल झाली. त्या दुकानाच्याच पायरीवरून पडल्या. गुडघा सोलवटला, फार नाही. मालक बोलले बरंच काही. मी म्हटलं, नाकच जरा तिरकं आहे त्यांचं.

१० मार्च, रविवार

ताई आली होती. तिलाही कार्यक्रमाला यायचंय. कार्यक्रम गंभीर चाहत्यांसाठी आहे हे समजावलं. म्हणाली, मीही बघायचे की लहानपणी. बघत असेल. गल्लीत टीव्ही एकच, आमच्यापासून तीन दारं सोडून राहणाऱ्या कंपाउंडरकडे. खोली एवढीशी, म्हणून त्यांचा नियम होता, एका घरातलं एकच मूल आत. आता मला प्रत्येक दृश्य आठवतं, अर्थात आत मीच असणार. साधा तर्क आहे. ताई कुठे असायची ते काही आठवत नाही.

बायको म्हणाली, ताईंना पुढे बसवा. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची दिली. खोकला आला तर उठून जाता येईल. ताई बरं म्हणाली. ती कायम बरंच म्हणते. बाईला स्वतःचं मत म्हणून नाही.

१५ मार्च, शुक्रवार

संकल्प: पोट कमी करणे. कार्यक्रमाच्या कोटाचं मधलं बटण लागत नाही. सकाळी चालायला गेलो. बूट चावला. उद्या विश्रांती.

१६ ते १८ विश्रांती.

१९ मार्च, मंगळवार

बायकोपुढे रंगीत तालीम. ती भाजी निवडत होती. शेवटी एवढंच विचारलंन की बाहेर हवाच नसते तर टकटक ऐकू कशी येईल. संकल्प: ज्यांना कल्पनाशक्ती नाही त्यांच्याशी मालिकेवर बोलायचं नाही.

मग ताईला फोनवर ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकलंन. मग म्हणाली, भाषण दुसऱ्या भागावर कर ना. का, तर उगाच. तिसरा नको म्हणाली. टेप दाखवण्याआधीच घरी निघून ये, असंही सुचवलंन. मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो. सख्ख्या बहिणीला.

२४ मार्च, रविवार, सकाळी ७

आज. संकल्प: व्यासपीठावर रडायचं नाही. श्रोत्यांनी रडायला हरकत नाही.

२४ मार्च, संध्याकाळी ७.४०

भाषण अफाट झालं. सभागृहात चिडीचूप. ताईचे ओठ माझ्या बरोबरीने हलत होते, कधीकधी माझ्या आधी. देवाचं काहीतरी म्हणत असावी. 'उशीर झाला, पण आलो'ला सगळे उभे राहिले.

मग टेप लागली. चौथ्या मिनिटाला कॅप्टन यानाबाहेर गेला. पाठीला बांधलेली तार दिसत होती. धाडकन आवाज, थोडा धूर. मेला. मागून एकाने विचारलं, आता परत येईल ना? मी मान डोलावली. आठव्या मिनिटाला मिशीवाला दुसरा कॅप्टन आला, म्हणाला, त्यांचं वाईट झालं, चला आता. आणि चालले सगळे.

आधी एकजण हसला. मग पडद्यावर कुठलंही दार आलं की लोक खुर्चीच्या हातावर तीनदा टकटक करायला लागले. त्या भागात दारं फार आहेत.

टेप बनावट आहे. हे मी सभागृहाच्या संडासातून लिहितोय. आत्ता बाहेरून कोणीतरी तीनदा टकटक केली. उत्तर दिलं नाही.

२५ मार्च, सोमवार

टीव्ही कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं, चार पानी. ग्रुपवर नव्या मगचं चित्र आलंय: 'उशीर झाला, कारण मेलो.' निषेध म्हणून ग्रुप सोडला. चार तासांत कोणाच्या लक्षात आलं नाही. परत घ्या म्हणून विनंती पाठवली आहे. ती अजून पडून आहे.

२६ मार्च, मंगळवार

दुपारी पत्र घेऊन ताईकडे गेलो. दुसरी साक्षीदार म्हणून सही हवी होती. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. पत्र पूर्ण वाचलंन, त्याचीही नीट घडी घातली.

म्हणाली, "तू आत नसायचास रे. आत मी असायचे. तू आपल्या दारात चपलांपाशी बसायचास आणि मी आले की गोष्ट ऐकायचास."

मी विचारलं, मग कॅप्टन?

"तो त्या दिवशी मेला. तू विचारलंस, कॅप्टन कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे."

तो भाग आणि पुढचे सदतीस तिने रचले. दर आठवड्याला, कंपाउंडरच्या दारापासून आमच्या दारापर्यंत येईतो. अकरा वर्षांची होती. टाकी, टकटक, ते वाक्य, सगळं तिचं. मला एकदम भरून आलं. म्हटलं, ताई, एवढी माया होती तुझी माझ्यावर?

"माया कसली? तू रडलास की आई मला मारायची. शिवणाच्या पट्टीने."

मी म्हटलं, मला याची काही कल्पनाच नव्हती. तिने चष्मा काढून पुसला. माझ्याच हातचा चष्मा. म्हणाली, "दोन खोल्यांचं घर होतं आपलं. तुला ऐकू यायचं." आणि पुढचा कपडा घेतला. सही केली नाही. मीही परत मागितली नाही.

घरी येऊन इथे लिहिलं की मी सात वर्षांचा होतो, झोपलेला असेन. ते खोडलं. मग लिहिलं, आई फार जोरात मारत नसेल. तेही खोडलं.

ऐकू यायचं. गोष्ट आखूड वाटली की मी मुद्दाम रडायचो.