बिननावाचं कुराण

प्यारे अब्बा,

मराठीत लिवून राह्यली, रागावू नका. उर्दूत लिवलं असतं तर तुमी आधी अक्षर पाह्यलं असतं, मजकूर मंग! "रेहाना, ही वाव हाये का चिरडलेली मुंगी?" आज ते ऐकायची ताकद नाई मले.

रहीम चाचा आताच कबरस्तानातून आले अन् ओट्यावर नुसते बसून राह्यले. तवाच समजली मी. तुमी हातानं लिवत होते ते कुराण गेलं, अब्बा.

तुमचा चाळीसवा झाला अन् मी मालेगावले सासरी परतली. मांगं चाचानं तुमची खोली झाडली. पेटीत सुटे कागद निघाले. ना शिलाई, ना पुठ्ठा, सूरा अर्ध्यावरच थांबलेली. तुमी कुराण लिवून राह्यले, हे त्यायले मालूम नोतं. वाटलं, मशिदीतल्या कोण्या जुन्या कुराणाचे कागद असतीन. अल्लाचा कलाम पायाखाली येऊ नये म्हणून अशे कागद पुरतातच आपल्यात. चाचानं हात-तोंड-पाय धुवून वजू केला, नव्या पांढऱ्या कापडात बांधलं अन् तुमच्या कबरीजवळ पुरलं.

ईदले माहेरी आली तर पेटी रिकामी! चाचानं पुरल्याचं सांगतलं, तशी मी ओरडली, "काहून पुरलं? सोन्याचा वरख दिसला नाई तुमाले?"

"दिसला ना बेटी, म्हणून तर एवढं जपून पुरलं. नाव शोधलं मी. नाव नोतं कुठंच."

नाव कसं असंन? तुमचाच हट्ट! शेवटची आयत झाल्याबिगर लिवणाऱ्या कातिबानं आपलं नाव टाकू नये म्हणे. कोपऱ्यात बारीकसं टाका म्हटलं, तर हसले. काय भेटलं हसून?

मी बाई, मले कबरस्तानात कोण जाऊ देते? आज चाचाच कुदळ घेऊन गेले. पण पाऊस होऊन गेला होता. कागद उधईनं खाल्ला, काजळीची शाई वाहून गेली. "मातीच निघाली, बेटी."

तुमचाही राग येते, अब्बा. त्या दुष्काळात दिवसभर रिसोडच्या रोडावर खडी फोडायची, हात सुजून टम्म, अन् सांजच्याले त्याच हातानं बोरू धरायचा. अम्मी म्हणे, "अजी, जगसान तर लिवसान!" ऐकलं कोणाचं? उन्हानं तुमाले नेलं. ज्याच्यापायी जीव घातला तेही गेलं. पानाच्या कडेले, हाशियात मी काढलेल्या वेली गेल्या. त्यातल्या एका निळ्या फुलाले तुमी "ठीक हाये" म्हटलं होतं. साऱ्या जन्मात एकदाच! ते फूल तरी ठेवायचं होतं अल्लानं.

चाचा अजून रडून राह्यले. त्यायले काय बोलू? पुण्याचं, सवाबाचंच काम केलं त्यायनं. भांडाले बी कोणी नाई मले.

मी पुन्हा लिवणार हाये, अब्बा. पहिल्या सूरेपासून. बाईच्या हातचं कोण ठेवून घेईन, मालूम नाई. तुमच्यासारखं येणार नाई, तेही मालूम हाये. आज कागद घोटून गुळगुळीत केला अन् तुमचा नियम मोडला. पानाच्या मांगच्या बाजूले आधी तुमचं नाव लिवलं. समोरची बाजू कोरीच हाये, हात धजत नाई. पण लिवीन. हर पानामांगं तुमचं नाव टाकीन, हे वचन. उद्या कोणी पुरलंच, तर कोणाचा हात पुरून राह्यलो, हे तरी त्याले समजंन.

तुमची,
रेहाना