खिडकीतलं ऊन आणि खिशातला कॅमेरा

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. (दर वेळी सवयीने लिहितो, या वेळी खरोखर जमिनीला नाक टेकवून लिहिलाय असं समजावं.) तुमचा खोकला कसा आहे? रेडिओ पुन्हा बोलू लागला का? आणि शेजाऱ्याची स्कूटर अजून तुमच्या फाटकासमोरच उभी असते का? तुम्ही विचारलंत, की माझ्याकडचा तो खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा कसा आहे, घ्यावा का, कारण त्या स्कूटरचे फोटो तुम्हाला तक्रारअर्जाला जोडायचेत. आपल्या घराण्यात मला कुणी मत विचारायची ही पहिलीच वेळ. (बाबा विचारतात, पण 'तुला लाज कशी वाटत नाही' हा काही खरा प्रश्न नव्हे.) म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

कॅमेरा माझ्याकडे आला तो नोकरीपायी. कॉलेज मी मधेच का सोडलं ते बाबांच्या बाजूने तुम्हाला कळलं असेलच. माझी बाजू अशी, की सरांनी भर वर्गात 'चालता हो' म्हटलं आणि मी झालो. परत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि मी काही रस्त्यावर पडलेलो नाही न बोलावता जायला. (नंतर रस्त्यावरच पडलो, ते वेगळं.) मग घरं भाड्याने लावून देणाऱ्या एका दलालाच्या ऑफिसात जागा निघाली. अट एकच, कॅमेरा स्वतःचा हवा. तो आईने बाबांच्या नकळत घेऊन दिला. काम असं, की रिकाम्या खोल्यांचे फोटो काढायचे, ते ऑफिसच्या दर्शनी काचेवर आतून चिकटवायचे, आणि प्रत्येक फोटोखाली चार ओळींचा मजकूर. आमच्या मालकांना पाठीमागे सगळे 'प्रशस्त' म्हणतात, कारण त्यांच्याजवळ दुसरं विशेषणच नाही. हॉल प्रशस्त, माळा प्रशस्त, जिन्याखाली झाडू ठेवायचा कोनाडा, तोही एकट्या माणसाला प्रशस्त.

मजकूर लिहायची ती. तिचं वर्णन मी करत नाही, कारण मला विशेषणं येत नाहीत आणि तिला पोटापाण्यासाठी येतात. तिचं टेबल दाराजवळ, मालकांचं आत, मधे कमरेएवढी फळी. ती एकही खोली स्वतः बघत नसे. माझे फोटो बघायची आणि लिहायची. म्हणजे बघा काका, सकाळी जे मी बघायचो तेच दुपारी ती माझ्या डोळ्यांनी बघायची. (हे वाक्य मी तिला बोलून दाखवलं होतं. ती म्हणाली, "मग जरा सरळ बघत जा. सगळ्या भिंती कललेल्या येतात.")

आता गुणदोष. वजनाला साबणाच्या वडीएवढा. बटण दाबलं की कासवाने मान काढावी तशी भिंग बाहेर काढतो आणि तुम्ही विचारात पडलात की परत आत घेतो. बॅटरी बाबांच्या सहनशक्तीसारखी आहे, भरलेली दिसते तेव्हाच संपते. झूम लांबचं जवळ आणतं, पण जवळ आलेलं सगळं अंधूक करून आणतं. (यात कॅमेऱ्याचा दोष नाही, माझा एकूण अनुभव तसाच आहे.) मागच्या पडद्यावर प्रत्येक फोटो झकास दिसतो आणि ऑफिसच्या संगणकावर गेला की आपली लायकी कळते. शिवाय एक सोय अशी आहे, की ती लावून ठेवली तर समोरचं माणूस हसताच कॅमेरा आपण होऊन फोटो घेतो. ऑफिसातल्या मंडळींचा एक फोटो काढावा म्हणून मी ती लावली आणि कॅमेरा कपाटावर ठेवून पळत जाऊन उभा राहिलो. मालक, हिशेबनीस, ती आणि मी. कॅमेरा आमच्याकडे बघतोय, आम्ही कॅमेऱ्याकडे. हिशेबनिसांची कंबर भरून आली. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं आणि मालकांना हसू फुटलं. त्या फोटोत मालक एकटे उजळलेत आणि आम्ही तिघं कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखे उभे आहोत.

मोठा दोष मात्र असा, की यात आख्खी खोली मावत नाही. म्हणून आम्हालाच मावावं लागतं. मी न्हाणीघरात उभं राहून बैठकीची खोली काढलीय, ओट्यावर चढून स्वयंपाकघर काढलंय, एकदा तर भिंतीतल्या कपाटात शिरलो आणि घरमालकाने बाहेरून कडी घातली. आत आरडाओरडा करून घसा बसला, पण फोटो पाहून ती म्हणाली, "हा जमलाय." दोनच शब्द, काका. त्या दोन शब्दांवर मी पुढचा आठवडाभर पाण्याच्या टाक्यांवरसुद्धा चढलो.

इथून पुढे जरा वाईट आहे, पाणी पिऊन घ्या.

गल्लीच्या टोकाला एका इमारतीत तळमजल्यावर एक खोली होती. मधोमध खांब. ओल अशी, की भिंतीला हात लावला तर हस्तांदोलन केल्यासारखं वाटावं. खिडकी एक, आणि खिडकीपुढे वीतभर अंतरावर शेजारच्या इमारतीचा जिना. कुणाकडूनही ती खोली जात नव्हती, आणि मालक म्हणाले, तू काढ फोटो, तुझा हात बसलाय. आता हात बसलाय म्हटल्यावर माणूस मागे हटेल का? मी खांबाला पाठ लावून उभा राहिलो, त्यामुळे खांब नाहीसाच झाला. ओलीच्या भिंतीपुढे दार उघडं करून धरलं. आणि खिडकीत त्या शेजारच्या जिन्यातली, कुणीतरी बंद करायला विसरलेली ट्यूबलाईट लागलेली होती. हा कॅमेरा उजेड पाहिला की बावचळतो, जिथे उजेड तिथे सगळं पांढरंफेक करून टाकतो. फोटोत काय आलं, तर खिडकी उन्हाने नुसती भरून वाहतेय. माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर फोटो. तिने तो बराच वेळ पाहिला. मग खाली लिहिलं, 'सकाळचं कोवळं ऊन थेट खोलीत.' मी समोर उभा होतो. सांगायला तोंड उघडलं होतं, अगदी उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "तुझा हात आता खरंच बसला हं." तोंड मिटलं.

पुढे चार दिवस मालकांनी मला गावाबाहेर गोदामांचे फोटो काढायला धाडलं. परत आलो तर काचेवरून तो फोटो गेलेला. मी म्हटलं, कोण गाढव अडकलं? हिशेबनिसांनी मानेने दाराजवळच्या टेबलाकडे दाखवलं.

तिच्या जुन्या घरमालकाला जागा तातडीने खाली करून हवी होती. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आईच्या गुडघ्यांना जिने चढवत नाहीत, म्हणून तळमजला हवा, आणि दुखणं उन्हाने जरा निवतं, म्हणून ऊन हवं. मालक म्हणाले, आपल्याच माणसाला आधी देतो, पण आजच सांग, मागे रांग आहे. आणि तिने बघायला न जाता हो म्हटलं. लोकांना रोज जे वाचायला लावायची ते एक दिवस स्वतःच वाचलं.

पहिल्या सकाळी तिची आई उठली, खिडकीत कुंड्या मांडल्या आणि खुर्ची ओढून गुडघे उन्हाकडे करून बसली. सहाच्या सुमारास शेजारचा पहारेकरी जिन्यातून उतरला आणि त्याने सूर्य बंद केला.

हे मला तिनेच सांगितलं, आवाज न चढवता. काका, आपल्या घरात सगळे ओरडून बोलतात, त्यामुळे ओरडण्याचं मला काही वाटत नाही. पण ती एवढंच म्हणाली, "इथे लिहितात ते खोटं असतं हे मला नको सांगूस, मीच लिहिते. पण फोटो तुझा होता, म्हणून मी बघायला गेले नाही."

मी गयावया केली नाही. मी संतापलो. (मला दुसरं काही येत नाही.) तडक आत गेलो, कॅमेरा मालकांच्या टेबलावर आपटला आणि म्हटलं, तिने लिहून दिलेल्या भाड्याच्या कागदातून तिला मोकळं करा, आत्ताच्या आत्ता. मालक म्हणाले, खोलीत वाईट काय आहे? मी म्हटलं, तुम्ही या एकदा राहायला, खांबाला मिठी मारून झोपा, तुम्हाला आणि खांबाला मिळून तर ती प्रशस्तच आहे! ते म्हणाले, बाहेर हो. मी म्हटलं, होतो, मला सवय आहे, कॉलेजात शिकलोय मी ते! आणखीही पुष्कळ बोललो, त्यातलं निम्मं बाबांचं माझ्यावरचं होतं, फक्त माणूस बदलून. आणि मी 'तुमच्या काचेवर थुंकतो' असं म्हणत असताना टेबलावर बारीकसं 'खिट्' वाजलं. 

आपटताना कॅमेऱ्याची हसण्याची सोय सुरू झाली होती आणि भिंगाचं तोंड दाराकडे होतं. घरी येऊन पाहिलं. कललेला फोटो, कोपऱ्यात माझी मूठ धूसर, आणि मधोमध ती. हसताना. मी न काढलेला एकमेव चांगला फोटो. दुसऱ्या दिवशी तिला दाखवला, तर ती म्हणाली, "जांभई आहे ती."

सारांश, कॅमेरा प्रामाणिक आहे. तो समोरचं सगळं सांगतो, फक्त त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे ते सांगत नाही. घ्यायला हरकत नाही. खोकल्याला जपा. बाबांना यातलं काही कळवू नये.

तुमचा आज्ञाधारक (तुम्ही अजून कसली आज्ञा केलेली नाही, म्हणून),
पुतण्या

ता. क. स्कूटरचा फोटो संध्याकाळी काढू नका. फ्लॅशमध्ये नंबर उडतो आणि स्कूटर नवीकोरी दिसते; शेजारी खूश होऊन फोटो मागायला येईल.

ता. क. नोकरी गेली. मात्र मालकांनी तिला कागदातून मोकळं केलं (मी काचेबाहेर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या खोलीबद्दल सांगायला लागलो, तेव्हा). महिनाअखेरपर्यंत दोघींना दुसरी जागा हवी. तुमची मागची खोली, जिच्यात रद्दी आणि रेडिओचे सांगाडे आहेत, तिला एकच पायरी आहे आणि पूर्वेकडे खिडकी आहे. तिथे खरं ऊन येतं, लहानपणी मी त्यात पाठ भाजून घेतलीय. भाडेकरू नकोत हे तुमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. तरीही.

ता. क. तुमच्या त्या खोलीचा फोटो आणून दाखवू का म्हणून तिला विचारलं, तर नुसतं बघितलं माझ्याकडे. त्यामुळे रविवारी सकाळी त्या दोघी स्वतः येतील. काही आवरू नका, रद्दीसुद्धा हलवू नका, जशी आहे तशीच तिला बघायचीय.

ता. क. तुम्ही 'हो' म्हणालात असं मी तिला सांगून टाकलंय. रागावू नये. पत्र टाकायला तिच्याजवळच देतो आहे, म्हणजे वेळेत पोचेल.

काका, नमस्कार. पाकीट चिकटवायला हा विसरला होता, म्हणून वाचलं. तुम्ही 'हो' म्हणालेला नाहीत हे मला आत्ता कळतंय. तरी रविवारी येऊ. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, मला चालेल. खोली बघितल्याशिवाय मी आता काही ठरवत नाही, आणि तुमच्या पुतण्यालाही बघणं अजून चालूच आहे. ती जांभई नव्हती. पण हे त्याला इतक्यात कळवू नका.