भोपळ्याची बिनकामाची फुलं

१२ मार्च

रिटायर झालेल्या माणसाच्या ताब्यात अंगण देऊ नये! ह्यांनी मागच्या दारी भोपळा, टोमॅटो, काकडी सगळं एकदम लावलंय. आयुष्यभर एक कुंडी इकडची तिकडे केली नाही. आता भर दुपारी टोपी घालून पाइप धरून उभे. उन्हात पाणी घालू नका म्हटलं, तर ‘तू स्वयंपाकाचं बघ.’

बघते.

२ मे

टोमॅटो करपले. काकडी कडूजहर. एकटा भोपळा माजलाय, पार न्हाणीच्या छपरावर गेलाय. रोज सकाळी आठाला हे त्याची फुलं खुडतात – लांब देठाची, खाली गाठ नसलेली. ‘ही बिनकामाची. वेलाची ताकद खातात नुसती.’ अहो, ती नरफुलं! त्यांच्यावाचून गाठीचा भोपळा होणार कसा?

हे सगळं मनात. वनस्पतिशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाले, आणि लग्नापासून ऐकतेय – ‘तुझी पदवी फोडणीला घाल.’ विचारल्याशिवाय सांगायची नाही. एकदा तरी विचारू देत.

५ मे

गाठी पिवळ्या पडून गळताहेत. ह्यांनी इस्त्रीवाल्याला विचारलं. पेपरवाल्याला विचारलं. फोन करून बहिणीला विचारलं. घरात कोणी राहतच नाही जणू!

९ मे

बघवेना. हे उठायच्या आत मागे गेले. नरफूल तोडलं, पाकळ्या सोलल्या, मादीफुलात फिरवलं. उद्याही जाईन. वेलाचा काय दोष?

१८ मे

भोपळा धरला! चांगला नारळाएवढा. नणंद आली होती. ‘दादाच्या हाताला गुणच आहे हो, वहिनी!’ ह्यांनी मान डोलावली. ‘खत. सगळी खताची करामत.’

करा आता खतानंच. मी मागे फिरकणार नाही.

२५ मे

नव्या तिन्ही गाठी गळाल्या. खत दुप्पट झालंय. तोंड पाडून बसलेत. बसा खुशाल.

२७ मे

सकाळी हे अंथरुणात नाहीत. मागे पाहते तर वेलापाशी उकिडवे. आज एकही फूल खुडलेलं नाही. हातात एक नरफूल, पाकळ्या सोललेलं.

मागे न वळताच म्हणाले, ‘खिडकीतून बघायचो तुला. कुठल्या फुलात फिरवतेस, ते मात्र तिथून दिसायचं नाही.’

म्हणजे नणंदेपुढे थाप मारताना सगळं ठाऊक होतं!

‘सांगतेस?’

‘सरका,’ म्हटलं.