चमचाभर दही, अकरा वडे

महाड,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना समीक्षाचा वाकून नमस्कार.

पत्र बघून छातीत धस्स होऊ देऊ नका, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. उद्या यांना कंपनीत सुट्टी आहे, म्हणून यांच्याच हाती पाठवते आहे. पाकीट मी डिंकाने चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर लेकाचा कान धरा.

फोन का नाही केला म्हणाल. फोनवर तुम्ही "बरं बरं, ठेव गो, गिऱ्हाईक आलंय" म्हणता आणि माझं बोलणं तोंडातच राहतं. पत्र तुम्ही दुपारी गडाच्या पायथ्याच्या आपल्या हॉटेलातली गर्दी ओसरली की चुलीपाशी बसून एकेक अक्षर लावत वाचाल. मला तसंच हवंय.

इकडे थंडी पडायला लागली. रविवारी आम्ही सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन पाय सोडून बसलो होतो. मी तिथेही भूगोलाचं पुस्तक नेलं आणि ते हातातून सुटून कुंडात पडलं. आता कोकणाचं प्रकरण चांगलं फुगलंय. तुमचे चिरंजीव म्हणाले, काळजी नको, परीक्षेपर्यंत सुकेल.

परीक्षा येत्या रविवारी, अलिबागला. गेल्या वर्षीसारखीच. पहाटेची एसटी, दहाला पहिला पेपर, तीनला दुसरा, पाचला सुटका. अभ्यासिकेत सध्या अभ्यास कमी आणि त्या दिवशी काय खायचं याचीच चर्चा जास्त. अनुपमा रात्री भिजवलेले बदाम मोजून खाणार आहे. विपुल म्हणतो, काहीच खायचं नाही, उपाशी वाघ चपळ असतो. हा विपुल अकरा वाजले की कॅन्टीनमध्ये दोन वडापाव खाताना दिसतो, ते सोडा.

मला मात्र हे तुम्हालाच विचारायचंय. या बाबतीत तुमच्याएवढं कळणारं माणूस साऱ्या तालुक्यात नाही. लग्नानंतरचा माझा पहिला हंगाम आठवतो? पुण्याची बारा पोरं सकाळी सकाळी आली आणि पिठलं-भाकरीची बारा ताटं मागायला लागली. तुम्ही तवासुद्धा ठेवला नाहीत. "आधी गड चढून या. भरल्या पोटानं पायऱ्या चढवत नायत. उतरलात का बोटं भाजतील अशी भाकर घालते," म्हणालात आणि प्रत्येकाच्या हातावर अर्धी नाचणीची भाकरी, गुळाचा खडा आणि पेलाभर ताक ठेवलंत. हातचं गिऱ्हाईक घालवतात म्हणून मी मनात चरफडले होते. दुपारी तीच पोरं उतरून आली आणि तीन-तीन भाकऱ्या खाऊन गेली. चढणाऱ्याला अर्धपोटी ठेवायचं आणि उतरणाऱ्याला पोटभर वाढायचं, हे मी त्या दिवशी शिकले.

तर आई, मग गेल्या वर्षी तुम्हाला काय झालं होतं?

घरचं माणूस चढायला निघालं की शहाणी माणसंसुद्धा विसरतात, दुसरं काय. शनिवारी संध्याकाळी तुम्ही परड्यातला तो तुरेवाला कोंबडा कापून महाडला आलात. पहाटे मला तूप सुटलेला शिरा खायला लावलात, निघताना तळहातावर चमचाभर दही ठेवलंत. डब्यात त्या कोंबड्याचं सुकं आणि वडे. मी म्हटलं, आई, एवढं कशाला? तर म्हणालात, "दिसभर डोकं चालवायचं, ता काय हवेवर चालतंय?"

मधल्या सुट्टीत झाडाखाली बसून मी तो डबा उघडला. दोन वडे खाऊन झाकणार होते. देवाशपथ झाकणार होते. पण ते सुकं, आई! अकरा वडे खाल्ले. मोजले कारण शेवटी डब्यात एकच उरला होता आणि तुम्ही बारा दिल्याचं मला आठवत होतं.

आणि तीनच्या पेपरात मी झोपले.

पेपर कठीण होता, असं मी घरी सांगितलं. ते खोटं होतं. पेपर सोपा होता. त्यात नुसतं पास व्हायचं असतं. वीस प्रश्न सोडवले, एकविसाव्यासाठी उतारा वाचायला घेतला आणि पुढचं जे आठवतं ते मॅडमचा हात माझ्या खांद्यावर. "अहो ताई, उठा, वीस मिनिटं राहिलीत." उत्तरपत्रिकेवर माझी लाळ पडली होती. पलीकडच्या बाकावरची मुलगी तोंडावर रुमाल धरून हसत होती.

हे हसण्यावारी नेऊन मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही एकटीने हॉटेल सांभाळून मला इथे अभ्यासाला ठेवलंत, सगळ्या वाडीला "आमची सून साहेबीण होनार हाय" म्हणून सांगितलंत, आणि मी घोरत पडले, हे कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय वाटलं, वड्यांमुळे म्हटलं तर तुम्ही पुन्हा कधी कढई ठेवणार नाही.

इथपर्यंतचं ठीक आहे. पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले.

निकाल लागल्यावर तुम्ही महाडला आलात, तेव्हा इथल्या शेजारच्या कमळाबाई आपल्या अंगणात येऊन तुम्हाला म्हणाल्या, "दही कुनी दिलं व्हतं पोरीला? तू? अगो, बाई माणसा, कुंकवाच्या हातनं द्यायचं असतं." मी आत तांदूळ निवडत होते. मला सगळं ऐकू आलं. मी बाहेर येऊन एक वाक्य बोलले असते तर ते तिथेच मिटलं असतं. मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले.

मला वाटलं, तुम्ही विसरलात. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "या खेपेला दही कमळाबायच्या हातनं घे गो. त्यांचं सगळं शाबूत हाय. मी शनवारी येत नाय." तेव्हा कळलं, वर्षभर तुम्ही ते मनात घेऊन फिरताय. यांच्या बढतीच्या मुलाखतीच्या दिवशी तुम्ही दारात का आला नाहीत, तेही कळलं. त्यानंतर मला पुस्तकातलं एक अक्षर दिसेना.

आई, बाबा गेले यात तुमच्या हाताचा काय दोष? याच हातचं ताक पिऊन रोज माणसं गड चढतात आणि धडधाकट उतरतात. चमचाभर दह्याने कोणाची परीक्षा बुडत नाही. अकरा वड्यांनी बुडते. आणि ते खाणारी मी होते. चूक माझी होती आणि बोल तुमच्या हाताला लागला. मला माफ करा.

आता ऐका. शनिवारी शेवटच्या एसटीने महाडला यायचं. दही तुम्ही विरजलेलं, तुमच्या हाताने, माझ्या तळहातावर. हे मी विचारत नाहीये. तुम्ही आला नाहीत तर मी दही न घेता जाईन, पण दुसऱ्या कोणाच्या हातचं घेणार नाही. पहाटे पेलाभर नाचणीची आंबील. डब्यात दोन घावन, थोडी मुगाची उसळ, गुळाचा खडा. बस. चढणाऱ्याला देता तेवढंच.

त्या तुरेवाल्याचा भाऊ अजून परड्यात असेल ना? त्यालाही सोबत आणा. पाचला पेपर सुटला की मी फोन करीन. तोवर कढई ठेवायची नाही. मी उतरले की ठेवा, आणि वडे मोजू नका. त्यातले चार कमळाबाईंना मी स्वतः नेऊन देईन आणि गेल्या वर्षी काय झालं तेही अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन.

तुमच्याच हातचं दही खाऊन चढणार असलेली,
तुमची झोपाळू सून
समीक्षा