चार मैलांवरची बर्फाची नदी

चिंचवड, ६ मार्च १९५७

प्रिय रहिमान, तुझ्या आपाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी आलं. तेव्हापासून या घरात कोणी धड बसलेलं नाही. मी आज दोनदा भात करपवला आणि तुझा भाचा फारूक तिसऱ्यांदा विचारतोय की माझं नक्की बिनसलंय काय. पत्र एकदाचं लिहून टाकते, म्हणजे निदान हात तरी थांबतील.

तू मुंबईत गाववाल्यांच्या खोलीवर येऊन दहा दिवस झाले, आणि इथं चार तासांवर बहीण आहे, म्हातारा बाप आहे. पण आमच्या रहिमानसाहेबांनी शपथ घेतलेली. अब्बांच्या गोष्टीतल्या त्या उत्तरेकडच्या बर्फाच्या नदीला हात लावल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही म्हणे. आता सोमवारी तिसऱ्यांदा त्याच बोटीच्या करारावर सही करणार. रहिमान, तुझं डोकं लहानपणापासून असंच आहे, एकदा अडकलं की निघत नाही.

तुझं पत्र मी अब्बांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिल्या खेपेला तीन दिवस धुकं, आणि धुक्यातच बोट वळली. गेल्या जुलैत खाडीचं तोंड तरंगत्या बर्फानं भरलेलं. समोर चार मैलांवर ती निळसर भिंत उन्हात दिसतेय, आणि कप्तानानं तोंड फिरवलं. हौशी गोरे प्रवासी कुरकुरले, त्यांना गरम सूप दिलं. तू मात्र सुकाणूच्या मागं उभा राहून रडलास, हे तू लिहिलं नाहीस, पण मला कळलं.

फारूक म्हणाला, इंजिनात दम असेल तर बोट बर्फ फोडून जाईल. त्याला सगळीकडे इंजिनच दिसतं, दिवसभर ट्रकखाली पडून असतो. अब्बा त्याच्यावर एवढे तापले की काय सांगू. बर्फ वर दिसतो त्याहून कितीतरी जास्त पाण्याखाली असतो, वारा फिरला की मागची वाट बंद होते, कप्तान परत फिरला म्हणून तीनशे माणसं घरी गेली, असं म्हणत होते. मग उठले. दारापर्यंत जायचे, परत यायचे. दिवसभर तेच.

तुला फळीवरची ती बाटली आठवते ना? अब्बांनी बोटीवरून आणलेलं बर्फाच्या नदीचं पाणी. कुणाला ताप आला की एक थेंब. तू निघालास तेव्हाही अब्बांनी तुझ्या जिभेवर एक थेंब सोडला होता, औषधाच्या कारखान्यातली नोकरी नाकारलीस म्हणून रागावले असतानासुद्धा. शेजारच्या रुक्मिणीबाई अजून नातवासाठी मागायला येतात. वर मला विचारतात, "बर्फ बघाया एवढ्या लांब कशापायी गेलं पोरगं? पुण्यात मिळत न्हाई व्हय?" एक गंमत सांगते. तीस वर्षं थेंब थेंब देऊन ती बाटली संपली नाही, कारण अम्मी दर ईदेला ती विहिरीच्या पाण्यानं भरायची. तिनं मला गप्प राहायला शिकवलं. मी समजत होते की निदान तळाचं पाणी तरी खरं आहे.

काल संध्याकाळी अब्बांनी मला हाक मारली. बाटली त्यांच्या मांडीवर होती. डोळ्यांना आता फारसं दिसत नाही, त्यामुळे माझ्याकडे न बघता बोलले. त्यांची बोट तिथं कधी पोचलीच नव्हती. आठ दिवस धुकं होतं, नाकासमोरचा दोर दिसेना, बोट परतली. ती निळी भिंत, बर्फाचा कडा कोसळताना होणारा तो तोफेसारखा आवाज, सगळं त्यांनी दुसऱ्या बोटीवरच्या एका सारंगाकडून ऐकलेलं. पाणी भटारखान्यातल्या बर्फाच्या पेटीतलं. गावात सगळे विचारत होते, नाही कसं म्हणायचं, म्हणून एकदा हो म्हणाले. पुढं तू मांडीवर बसून रोज तीच गोष्ट मागायला लागलास.

हे तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. तो आल्यावर मी स्वतः सांगेन, तू फक्त काहीतरी कारण काढून त्याला बोलाव, माझ्या आजारपणाचं लिही, म्हणाले. पण मला खोटं लिहायचं नाही. या घरात एक खोटं पुरे झालं, त्यापायी तुझी दोन वर्षं गेली आणि सोमवारी तिसरं जाईल. म्हणून त्यांचा शब्द मोडून लिहिते आहे. रहिमान, तू चार मैलांपर्यंत गेलास. आपल्या घरातलं कोणी एवढ्या जवळ कधी गेलेलं नाही. आता शनिवारच्या गाडीनं ये. अब्बांनी बाटली ओतून, धुऊन उन्हात पालथी घातली आहे आणि दारात बसून आहेत. ते सांगायला लागले की तुला काही ठाऊक नाही असंच दाखव. आणि त्यांचं झालं की मग तू सांग, ती भिंत कशी दिसते. त्यांना ते फार ऐकायचं आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
झुलेखाआपा